बाळंतपण, आजारपण आणि राखलेली जागा : रजेच्या कायद्यात विदर्भातली मजूर बाई कुठे बसते?

बाळंतपणाच्या रजेचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते : सुट्टी किती? सहा महिने की तीन? पण रजेचा कोणताही कायदा किंवा विधेयक हातात आलं तर त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत, आणि तेही वेगवेगळे. बाई घरी असेल तोवर घरात पैसा कुठून येणार? आणि ती परत कामावर गेली तर तिची जागा तिच्यासाठी राखलेली असेल का? पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा कामाच्या हमीचा. या दोन्हींची सरमिसळ झाली की कायद्यात नेमकं काय दिलंय आणि काय हातचं राखलंय ते कळत नाही.

अमेरिकेचं पाहा. तिथे १९९३ पासून असा कायदा आहे. बाळाचा जन्म, स्वतःचा गंभीर आजार किंवा घरच्या माणसाचं आजारपण यासाठी कामगाराला वर्षातून १२ आठवडे घरी राहता येतं. आईलाही आणि बापालाही. तेवढ्या काळात त्याची जागा मालकाला दुसऱ्याला कायमची देता येत नाही. पण या १२ आठवड्यांचा पगार मालकाने द्यायला हवा असं तो कायदा म्हणत नाही, आणि ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या खाजगी मालकाला तो लागूच होत नाही. म्हणून तिथे २०१३ पासून पगारी रजेचं एक विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. कामगार आणि मालक दोघांनी पगारातून थोडा थोडा वाटा टाकायचा आणि रजेच्या काळात त्या निधीतून पगाराचा मोठा हिस्सा मिळायचा, अशी त्याची रचना. ते अजून मंजूर झालेलं नाही. म्हणजे तिथल्या देशपातळीच्या कायद्यात जागेची हमी आहे, पैसा नाही.

आपल्या गावांतल्या बहुतेक बायकांच्या वाट्याला याच्या बरोबर उलट आलंय. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. दुसरं मूल मुलगी असेल तर ६,००० रुपये. अंगणवाडीत किंवा आशाताईकडे नोंद करून हे पैसे घेतलेल्या बायका प्रत्येक गावात सापडतील. पण त्या पैशाबरोबर एका दिवसाचीही रजा येत नाही आणि परत कामावर घेण्याचा शब्दही कुणी देत नाही.

दोन्ही एकत्र देणारा कायदाही आपल्याकडे आहे, १९६१ चा मातृत्व लाभ कायदा. २०१७ च्या दुरुस्तीने त्यातली पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पहिल्या दोन मुलांसाठी २६, त्यानंतर १२. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. संहितेचं सहावं प्रकरण त्याचंच आहे आणि मुख्य तरतुदी जवळपास तशाच आहेत. प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं असेल, तर रजेचा पूर्ण पगार मिळतो. आधीच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढून तो ठरतो. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. प्रसूतीनंतरच्या ६ आठवड्यांत बाईला कामावर ठेवणंच बेकायदा आहे. शेवटच्या दहा आठवड्यांत ती रजेवर नसेल आणि तिने हलकं काम मागितलं, तर जड ओझ्याचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम तिला देता येत नाही. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट, रजेवर असताना तिला कामावरून काढणं किंवा तिच्या तोट्याच्या अटी लादणं गुन्हा आहे.

वाचायला हे फार चांगलं वाटतं. आता हा कायदा घेऊन हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यातल्या एखाद्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, जाऊ.

कापूस बाजारात यायला लागला की जिनिंग सुरू होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. समजा एक बाई नोव्हेंबरपासून तिथे आहे. फेब्रुवारीत तिला आठवा महिना लागला. तोवर ८० दिवस सहज भरलेत. कारखान्याला मातृत्व लाभ कायदा लागू आहे, हंगामी असला तरी. ती मुकादमाच्या किंवा ठेकेदाराच्या मार्फत आली असेल तरीही लागू आहे, कारण १९६१ च्या कायद्यातच ‘थेट किंवा एखाद्या एजन्सीमार्फत’ कामाला लावलेली बाई असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे कागदावर तिला १८२ दिवसांची पगारी रजा मिळते.

तो पगार द्यायचा कुणी? इथेच सगळं अडतं. तिच्या मालकाने, एकट्याने, स्वतःच्या खिशातून.

शहरातल्या मोठ्या कारखान्यात हा भार मालकाच्या एकट्याच्या डोक्यावर नसतो. तिथे कर्मचारी राज्य विमा योजना असते, लोक जिला ईएसआय म्हणतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. बाई बाळंत झाली की २६ आठवड्यांची मजुरी विमा महामंडळ देतं. कामाला पुरुष किती, बायका किती, त्यातल्या गरोदर किती, यावर मालकाचा खर्च ठरत नाही. त्याला वर्गणी सगळ्यांसाठी सारखीच भरायची असते. बचत गटात सगळ्या जणी दर महिन्याला टाकतात आणि जिला गरज पडेल ती उचलते, तसंच हे.

मग जिनिंगमध्ये ईएसआय का नाही? कारण १९४८ च्या मूळ कायद्याने हंगामी कारखाने योजनेबाहेर ठेवले, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय याच्या व्याख्येत पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं आहे. त्यापाठोपाठ प्रेसिंग, भुईमूग फोडणं, गूळ-साखर वगैरे. नव्या संहितेनेही हंगामी कारखान्यांना ईएसआयच्या बाहेरच ठेवलं. कापूस हे वऱ्हाडाचं मुख्य पीक, त्यावर चालणारा हा इथला जुना उद्योग, आणि नेमका तोच नाव घेऊन वगळलेला. माझ्या मते रजेच्या चर्चेत विदर्भाने सगळ्यांत आधी मांडायचा मुद्दा हाच आहे.

याचा परिणाम ठरलेला आहे. एका बाईच्या बाळंतपणाचा सगळा खर्च एकट्या मालकावर येणार असेल, तर तो टाळायच्या वाटा शोधतो. हजेरीत ८० दिवस भरू द्यायचे नाहीत. मधेच नाव बदलायचं. पोट दिसायला लागलं की मुकादमाकडून निरोप जातो, “आता घरीच राय, पुढल्या हंगामात पाहू.” असं म्हणणारा प्रत्येक माणूस वाईट असतो असं नाही, पण कायद्याची रचनाच त्याला तिकडे ढकलते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षणाच्या करारात (क्रमांक १८३) हाच धोका ओळखून सांगितलंय की रजेचा पैसा सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा, एकट्या मालकावर टाकू नये. भारताने तो करार मान्य केलेला नाही.

ही समज आपल्याकडे नवी नाही. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक चर्चेला होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. पण सरकार तो उचलत नाही तोवर, जो मालक बायकांच्या श्रमावर नफा कमावतो त्याने तो द्यावा, हेही सांगितलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. आपला भाग तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता. मध्यप्रांतात असा कायदा १९३० साली आला. आज जवळजवळ शंभर वर्षांनीही अडचण तीच आहे. मालकावर टाकलेला भाग राहिला, सरकारने उचलायचा भाग मागे पडला.

जिनिंगच्या बाईला निदान एक मालक तरी आहे. शेतमजूर बाईला तोही नाही. जूनमध्ये एकाच्या वावरात टोबणी, जुलै-ऑगस्टात दुसऱ्याकडे निंदण, ऑक्टोबरात तिसऱ्याकडे सोयाबीनची सोंगणी, मग किलोच्या भावाने कापूस वेचणी. वर्षभरात तिने दोनशे दिवस काम केलं असेल, पण कुणा एकाकडे ८० नाही. आणि कायद्याला लागते तशी दहा माणसांची आस्थापना शेतकऱ्याकडे नसतेच. दोन-चार एकर कोरडवाहू करणाऱ्याकडून सहा महिन्यांचा पगार मागणं न्यायाचंही होणार नाही. दर हंगामाला तो स्वतःच कर्ज काढतो. म्हणून मातृत्व लाभ कायदा कितीही कडक केला, त्याचे आठवडे कितीही वाढवले, तरी निंदणाला जाणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचत नाही. तो एक मालक शोधतो, आणि तिला एक मालक नाही.

तिच्यासाठी आज जे आहे ते म्हणजे मातृ वंदनाचे ५,००० रुपये. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. भागून पाहिलं तर दिवसाला २७ रुपये ४७ पैसे पडतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ सालीच प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला निदान ६,००० रुपये देण्याची तरतूद झाली होती. एवढ्या वर्षांत त्या आकड्यात एक रुपयाची वाढ झालेली नाही. त्यात पहिलं मूल, आणि दुसरं फक्त मुलगी असेल तर, ही अट. मेळघाटात किंवा गडचिरोलीत तिसऱ्या खेपेला अशक्त अंगाने बाळंत होणाऱ्या बाईला गरज सगळ्यांत जास्त, आणि तिलाच या योजनेतून काही नाही. लोकसंख्येचा हिशेब आईच्या पोटावर काढू नये असं मला ठामपणे वाटतं.

बांधकाम मजूर बाईची स्थिती थोडी बरी आहे. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर प्रसूतीसाठी अर्थसहाय्य मिळतं. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला त्यासाठी लागतो. इथे पैसा कुणा एका ठेकेदाराच्या खिशातून येत नाही. बांधकामाच्या खर्चावरच्या उपकरातून जमलेल्या निधीतून येतो. ठेकेदार दर दोन महिन्यांनी बदलला तरी बाईचा हक्क सुटत नाही.

भंडारा-गोंदियातल्या विड्या वळणाऱ्या बायकांचं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही मातृत्व लाभ कायदा लागू केला होता. प्रत्यक्षात किती जणींना तो मिळाला हा भाग वेगळा. पण घरात बसून, नगावर मजुरी घेऊन काम करणारी बाई कायद्याच्या चौकटीत बसवता येते, हे संसदेने साठ वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं. त्यामुळे ‘असंघटितांना रजा देणं शक्यच नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

न्यायालयांनी तर याहून पुढे पावलं टाकलीत. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात निकाल दिला की हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही मातृत्व लाभ मिळालाच पाहिजे. २०२३ मध्ये याच न्यायालयाने सांगितलं की ठेक्याची मुदत रजेच्या मधेच संपली म्हणून लाभ तोडता येत नाही. हंगामावर काम करणाऱ्या बाईने हे दोन निकाल ऐकून ठेवायलाच हवेत.

आता बापाबद्दल. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला बाळाच्या जन्माच्या वेळी १५ दिवसांची पगारी रजा आहे. खाजगी नोकरीतल्या आणि मजुरीवरच्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. नव्या संहितेतही नाही. २०१७ मध्ये खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खाजगी विधेयक मांडलं होतं. ते हिंगोलीचे खासदार, आणि त्या मतदारसंघात यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेडचा भागही येतो. त्यांच्या विधेयकात बापाला १५ दिवस, आणि ते तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील अशी सोय होती. संघटित-असंघटित सगळ्यांसाठी. पण मला त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग निधीचा वाटतो. सगळे कामगार, मग बाई असो की पुरुष, सगळे मालक आणि केंद्र सरकार, तिघांनी मिळून एक निधी उभा करायचा आणि लाभ त्यातून द्यायचा. ते विधेयक मंजूर न होताच बारगळलं. सातव २०२१ मध्ये गेले. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनी बापाच्या पगारी रजेचं खाजगी विधेयक पुन्हा लोकसभेत मांडलं.

खाजगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं. त्याच्या वाट्याला येणारा इतिहास माहीत असलेला बरा. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. तरीही ती वाया जात नाहीत. पुढे सरकार स्वतः कायदा आणतं तेव्हा मसुद्याचं बोलणं अशाच विधेयकांपासून सुरू होऊ शकतं.

बापाच्या रजेची गरज खेड्यात नाही, माहेरी बाळंतपण होतं, सासू-आई असतात, असं कुणी म्हणेल. आज गावातले तरुण पुण्याला, हैदराबादला, सुरतेला कामाला आहेत. बाळंतीण माहेरी असली तरी सिझर झालं, बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर जिल्ह्याच्या दवाखान्यात धावपळ करायला हाताशी माणूस लागतोच. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली हे अंतर ज्याने रात्री काढलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. चार दिवस आल्यावर परत गेला तर काम दुसऱ्याला दिलेलं असतं. इथे पगारापेक्षाही जागेची हमी मोठी.

आजारपणाच्या रजेत तर आपला कायदा आणखी विरळ होतो. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, ठरावीक दीर्घ आजारांत जास्त काळ ८० टक्के, आणि तो लाभ घेत असताना मालकाला त्याला काढता येत नाही. ईएसआयबाहेरच्या माणसाला यातलं काहीच नाही. उलट औद्योगिक कायद्यात एक ओळ आहे, जी जुन्या कायद्यातून नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आली : सततच्या आजारपणामुळे कामगाराला काढलं तर ती ‘कपात’, म्हणजे नोकरकपात, धरली जात नाही. म्हणजे कपातीची नुकसानभरपाईही मिळत नाही.

पूर्व विदर्भात या ओळीचा अर्थ फार जड आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. या आजाराच्या माणसाला सलग तीन महिने सुट्टी लागत नाही. महिना बरा जातो, मग अचानक हाडं-सांधे असह्य दुखतात, चार-सहा दिवस दवाखान्यात जातात, आणि तो पुन्हा कामावर उभा राहतो. त्याला तुकड्यातुकड्यांनी घेता येणारी रजा हवी. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्यात तशी सोय आहे. आपल्याकडे ईएसआयबाहेरच्या खाजगी कामगारासाठी नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतलं, पण नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येणार नाही हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. जो ठेक्यावर खाणीत किंवा भातगिरणीत काम करतो, तो दर झटक्याला घाबरतो की या वेळी काम गेलं.

म्हणून आईच्या, बापाच्या किंवा आजारपणाच्या रजेचं नवं विधेयक आलं तर त्यात आठवडे किती लिहिलेत हे मी शेवटी पाहीन. आधी पाहीन की निधी कुणाचा आहे. मग, दिवस एका मालकाकडचे मोजतात की वर्षभरातले सगळीकडचे मिळून. मग हंगामी कारखान्याचं काय केलंय. आणि तुकड्यांनी रजा घेता येते का. सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी केंद्राने आरोग्य आणि मातृत्व लाभाच्या योजना आखाव्यात असं लिहिलेलं आहे. म्हणजे दार कायद्यातच आहे. त्या योजनेत पैशाबरोबर दिवसही लिहिले जावेत, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून, खासदारांकडच्या निवेदनातून आजच करता येते.

तोवर जो कायदा आहे त्यावर बाईने काय करावं? जिनिंग, तेलगिरणी, दुकान, खाजगी शाळा, दवाखाना, जिथे तो लागू होतो तिथे गरोदर असल्याची आणि रजा कधीपासून हवी याची सूचना लेखी द्यायची, एक प्रत तारीख टाकून स्वतःकडे ठेवायची. सूचना द्यायची राहिली म्हणून हक्क जात नाही. प्रसूतीआधीच्या रजेचा पगार आगाऊ मागता येतो. उरलेला, बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत द्यावा लागतो. रजेत काढून टाकलं तर ६० दिवसांच्या आत कामगार खात्याकडे दाद मागायची. आणि ज्याच्यावर सगळं अडतं ते ८० दिवस : हजेरीच्या पानाचे मोबाईलमध्ये फोटो, मजुरी खात्यात जमा झाल्याच्या नोंदी, सोबतच्या बायकांची नावं, हे सगळं पहिल्या दिवसापासून जमवून ठेवायचं. मुकादमाच्या वहीत नाव कसं लिहिलंय तेही एकदा वाचून घ्यायचं. आधार कार्डावरचं नाव आणि वहीतलं नाव जुळलं नाही तर पुढे तेच कारण पुढे केलं जातं.